एकाच रस्त्यावर दोन सरकारांचे कायदे : रांझीतील कामगार, दुकानदार आणि कुटुंबांसाठी काय बदलले?

रांझी (जबलपूर) : देशातील २९ कामगार कायद्यांच्या जागी आलेल्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आल्या आहेत. या बदलाचा परिणाम कामगाराच्या नियुक्तिपत्रापासून त्याच्या मृत्यूनंतर कुटुंबाला मिळणाऱ्या रकमेपर्यंत सर्वत्र होणार आहे. जबलपूरच्या पूर्वेकडील रांझी हे उपनगर संरक्षण कारखान्यांच्या आधाराने वाढले. येथे कायम सरकारी कर्मचारी, कंत्राटी कामगार, सुटे भाग पुरवणारे लघुउद्योजक, दुकानदार आणि परप्रांतांतून आलेली कुटुंबे एकाच वस्तीत राहतात. मात्र कायदा या सर्वांना सारखा लागू होत नाही. त्यामुळे कोणाला काय मिळाले आणि कोणाला काय मिळाले नाही, हे वेगवेगळे पाहणे आवश्यक ठरते.

कारखान्यांची मालकी बदलली, प्रश्न राहिले

जबलपूर परिसरात चार संरक्षण कारखाने आहेत. त्यांतील तोफगाडा कारखाना १९०४ मधील, खमरियाची आयुध निर्माणी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील, तर वाहन निर्माणी १९६९ मधील आहे. ग्रे आयर्न फाउंड्री हा चौथा कारखाना. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित करून देशातील ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांमध्ये विभागण्यात आले. त्यानुसार खमरिया पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया कंपनीकडे, फाउंड्री नागपूरच्या यंत्र इंडियाकडे, तोफगाडा कारखाना कानपूरच्या ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडियाकडे, तर वाहन निर्माणी चेन्नईजवळील अवाडीच्या आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे गेली. म्हणजेच एकाच वसाहतीत शेजारी राहणाऱ्या कामगारांच्या व्यवस्थापनांची मुख्यालये आज चार वेगवेगळ्या शहरांत आहेत.

कंपनीकरणापूर्वी भरती झालेले कर्मचारी ‘मानीव प्रतिनियुक्ती’वर आहेत, म्हणजे ते नव्या कंपनीत काम करत असले तरी केंद्र सरकारचे कर्मचारी मानले जातात. ही मुदत सरकारने वेळोवेळी वाढवली आहे. त्यांची सेवा, निवृत्तिवेतन आणि उपदान केंद्राच्या स्वतंत्र नियमांनुसार चालते. कंपन्यांनी स्वतः घेतलेले निश्चित मुदतीचे कर्मचारी आणि ठेकेदारामार्फत येणारे मजूर यांना मात्र या नियमांचे संरक्षण नाही. नव्या संहितांचा थेट संबंध प्रामुख्याने याच दोन गटांशी आहे.

समुचित सरकार कोणते?

तक्रार कोठे करायची, हा कामगारासमोरचा पहिला व्यावहारिक प्रश्न असतो. वेतन संहिता आणि औद्योगिक संबंध संहितेनुसार केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांसाठी केंद्र सरकार हे ‘समुचित सरकार’ आहे. अशा उपक्रमासाठी काम करणाऱ्या ठेकेदाराची आस्थापनाही त्यात समाविष्ट आहे. त्यामुळे कारखान्याच्या फाटकाच्या आत सफाई, माल चढवणे-उतरवणे किंवा बागकाम करणाऱ्या कंत्राटी मजुराच्या वेतनाची तक्रार केंद्रीय कामगार आयुक्तांच्या यंत्रणेकडे जाते. केंद्र सरकारचे औद्योगिक न्यायाधिकरण व कामगार न्यायालयही जबलपुरात आहे.

त्याच फाटकासमोरील उपाहारगृहात किंवा रिछाईच्या औद्योगिक क्षेत्रातील खासगी कारखान्यात काम करणाऱ्याचे समुचित सरकार मात्र मध्य प्रदेश सरकार असते. रस्त्याच्या एका बाजूला केंद्राचे आणि दुसऱ्या बाजूला राज्याचे नियम लागू होतात. चुकीच्या कार्यालयात अर्ज दिल्यास महिने वाया जाऊ शकतात.

संहितांमुळे दाव्यांच्या मुदतीही बदलल्या आहेत. थकीत वेतनाचा दावा आता तीन वर्षांच्या आत करता येतो. कामावरून काढल्याबद्दलचा दावा न्यायाधिकरणापुढे नेण्याची मुदत मात्र तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली आहे. राजीनामा, बडतर्फी किंवा कपात झाल्यास देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत देणे बंधनकारक आहे.

‘वेतन’ शब्दाची नवी व्याख्या

चारही संहितांमध्ये वेतनाची व्याख्या आता समान आहे. मूळ वेतन, महागाई भत्ता आणि राखीव भत्ता हे वेतनात धरले जातात. घरभाडे, प्रवास, अतिरिक्त कामाचा मोबदला आदी रकमा वगळल्या जातात. मात्र वगळलेल्या रकमांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाली, तर वरची रक्कम पुन्हा वेतनात मिळवावी लागते.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. एखाद्या कर्मचाऱ्याचा एकूण मोबदला दरमहा ४०,००० रुपये आहे. त्यात मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १६,००० आणि इतर भत्ते २४,००० रुपये आहेत. भत्त्यांची मर्यादा निम्मी, म्हणजे २०,००० रुपये. त्यावरील ४,००० रुपये वेतनात धरले जातील आणि कायद्याच्या दृष्टीने त्याचे वेतन २०,००० रुपये ठरेल. उपदान अर्थात ग्रॅच्युइटी दर वर्षाच्या सेवेसाठी १५ दिवसांचे वेतन, महिन्याचे २६ दिवस धरून मोजली जाते. १६,००० रुपयांवर ती वर्षाला सुमारे ९,२३१ रुपये होते, तर २०,००० रुपयांवर सुमारे ११,५३८ रुपये. दहा वर्षांच्या सेवेत हा फरक २३ हजार रुपयांच्या घरात जातो.

हाती येणारा पगार कमी होईल, ही भीती मात्र सर्वांच्या बाबतीत खरी नाही. भविष्य निर्वाह निधीचे सक्तीचे अंशदान १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर ठरते. वरील उदाहरणात मूळ वेतन आधीच या मर्यादेपेक्षा अधिक असल्याने, कपात मर्यादेपुरतीच होत असेल तर ती वाढणार नाही. पूर्ण वेतनावर अंशदान भरणाऱ्यांच्या बाबतीत कपात आणि बचत दोन्ही वाढतील.

अतिरिक्त कामाचा मोबदला मोजताना कोणते भत्ते धरायचे, हा आयुध निर्माणींतील जुना वाद आहे. नव्या संहितेनेही दुप्पट दर कायम ठेवला आहे. परंतु हा दर कोणत्या रकमेच्या दुप्पट, याचे उत्तर नव्या व्याख्येतून शोधावे लागेल. ज्यांचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून निम्म्याहून अधिक आहेत, त्यांच्या बाबतीत घरभाडे भत्ता हिशेबाबाहेर राहू शकतो. कामगार संघटनांच्या दृष्टीने हा मुद्दा कळीचा आहे.

एका वर्षात उपदान, पण कोणाला?

‘आता एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळते’ हे विधान सरसकट केले जाते, पण ते अपुरे आहे. एका वर्षाची सवलत केवळ निश्चित मुदतीच्या कर्मचाऱ्यांना आहे. मालकाशी लेखी करार करून ठराविक काळासाठी थेट नेमलेला कर्मचारी या व्याख्येत येतो. त्याला कायम कर्मचाऱ्यांइतकेच वेतन व सुविधा आणि सेवेच्या प्रमाणात उपदान मिळाले पाहिजे. इतर कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या अखंड सेवेची अट कायम आहे. मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास ती लागू होत नाही.

ठेकेदारामार्फत येणारा मजूर केवळ कंत्राटी असल्यामुळे निश्चित मुदतीचा कर्मचारी ठरत नाही. त्याच्या हातात कोणता कागद आहे, यावर सर्व अवलंबून राहते. म्हणूनच प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देण्याची नवी सक्ती महत्त्वाची आहे. त्या पत्रावर मालक म्हणून कोणाचे नाव आहे, कामाचे स्वरूप व वेतन काय लिहिले आहे आणि मुदत नमूद आहे का, हे पाहिल्याशिवाय हक्काचा अंदाज येत नाही.

कंत्राटी मजुरांच्या तरतुदी आता ५० किंवा त्याहून अधिक मजूर असलेल्या आस्थापनांना व ठेकेदारांना लागू होतात. पूर्वी हा आकडा २० होता. लहान ठेकेदारांवरील परवान्याचा भार यामुळे हलका झाला, पण त्यांच्याकडील मजूर या विशिष्ट संरक्षणाबाहेर गेले. आस्थापनेच्या मुख्य कामासाठी कंत्राटी मजूर लावण्यास संहितेने मनाई केली असली, तरी तिला अनेक अपवाद आहेत.

वर्षानुवर्षे तात्पुरत्या नेमणुकीवर काम करणाऱ्यांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी दिलेला निकाल उल्लेखनीय आहे. केंद्रीय जल आयोगात दीर्घकाळ सफाई व तत्सम काम केलेल्या कामगारांना नियमित करण्याचा आदेश न्या. विक्रम नाथ आणि न्या. प्रसन्न वराळे यांच्या पीठाने दिला. कायमस्वरूपी गरजेचे काम सातत्याने करून घ्यायचे आणि नेमणूक मात्र तात्पुरती ठेवायची, या सरकारी संस्थांच्या प्रथेवर न्यायालयाने कठोर टीका केली. यामुळे प्रत्येक कंत्राटी कामगार आपोआप कायम होत नाही. परंतु दीर्घ सेवेचे पुरावे असणाऱ्यांच्या हाती एक भक्कम आधार आला आहे.

स्फोट, सुरक्षा आणि घरी परतण्याचा रस्ता

दारूगोळ्याच्या कारखान्यांत सुरक्षेचा प्रश्न जीवन-मरणाचा असतो. खमरियाच्या निर्माणीत ऑक्टोबर २०२४ मध्ये झालेल्या स्फोटात जीवितहानी झाली. त्यानंतर तीन महिन्यांनी, २४ जानेवारी २०२५ रोजी, म्युनिशन्स इंडियाच्याच भंडारा येथील कारखान्यातील स्फोटात आठ कामगारांचा मृत्यू झाला.

व्यावसायिक सुरक्षा संहितेनुसार नियमभंगामुळे कामगाराचा मृत्यू झाल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा किमान पाच लाख रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दंडाच्या किमान निम्मी रक्कम वारसांना भरपाई म्हणून देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. पूर्वी दंड सरकारी तिजोरीत जमा होत असे. ही रक्कम अपघाताच्या नियमित नुकसानभरपाईव्यतिरिक्त आहे. वयाची ४० वर्षे ओलांडलेल्या कामगारांची दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी हाही नव्या व्यवस्थेचा भाग आहे.

पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांसाठी आणखी एक बदल महत्त्वाचा आहे. घरातून कामावर जाताना किंवा परतताना झालेला अपघात, वेळ, स्थळ व परिस्थिती यांचा कामाशी संबंध सिद्ध झाल्यास, नोकरीच्या ओघात झालेला मानला जाईल, असे सामाजिक सुरक्षा संहितेत नमूद आहे. याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै २०२५ रोजी दिलेला निकाल महाराष्ट्रातील एका कुटुंबाच्या लढ्यातून आला. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलने निघाला असता, कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात मरण पावला. आयुक्तांनी कुटुंबाला ३ लाख २६ हजार १४० रुपयांची भरपाई मंजूर केली, मुंबई उच्च न्यायालयाने ती २०११ मध्ये रद्द केली आणि मृत्यूनंतर २२ वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा बहाल केली. १९२३ च्या जुन्या कायद्यातील अशा प्रकरणांनाही हा अर्थ लागू होईल, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

कुटुंबाची व्याख्या आणि मातेचा हक्क

सामाजिक सुरक्षा संहितेत महिला कर्मचाऱ्याच्या कुटुंबात तिच्यावर अवलंबून असलेल्या सासू-सासऱ्यांचा समावेश करण्याची सोय आहे. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर आवश्यक आहे. महिलांना त्यांच्या संमतीने आणि सुरक्षेची व्यवस्था असल्यास रात्रपाळीत काम करता येईल.

पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची, त्यानंतर १२ आठवड्यांची प्रसूती रजा ही तरतूद कायम आहे. तमिळनाडूतील एका सरकारी शिक्षिकेला, आधीच्या विवाहातून दोन मुले असल्याचे कारण देऊन, पुनर्विवाहानंतरच्या अपत्यासाठी रजा नाकारण्यात आली होती. २३ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द करताना प्रसूती रजा हा स्त्रीच्या प्रजनन हक्कांचा अविभाज्य भाग असल्याचे म्हटले. स्वतःचे सेवानियम असलेल्या सरकारी कार्यालयांनाही हा निकाल दुर्लक्षिता येणार नाही.

कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ रोखणाऱ्या २०१३ च्या कायद्याबाबत, गोव्यातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३ डिसेंबर २०२४ रोजी देशभरासाठी निर्देश दिले. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा अधिकारी नेमणे आणि दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत अंतर्गत समिती असल्याची खात्री करणे, हे त्यांतील प्रमुख निर्देश होत. ही अट खासगी दुकाने, शाळा व दवाखान्यांनाही लागू आहे.

२००४ नंतर सेवेत आलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांसाठी १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत निवृत्तिवेतन योजनेचा पर्याय उपलब्ध झाला. यात २५ वर्षांच्या सेवेनंतर अखेरच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन, निवृत्त कर्मचाऱ्याच्या मृत्यूनंतर जोडीदाराला त्याच्या ६० टक्के रक्कम आणि किमान दहा वर्षांच्या सेवेवर दरमहा १०,००० रुपयांची हमी आहे.

लघुउद्योजकांसाठी सवलत आणि बंधन

वीज वापरणाऱ्या कारखान्यासाठी कामगारांची किमान संख्या १० वरून २०, तर विजेविना चालणाऱ्यासाठी २० वरून ४० झाली आहे. एकच नोंदणी, एकच विवरणपत्र ही संहितांमागील कल्पना आहे. पहिल्या चुकीला थेट खटल्याऐवजी दुरुस्तीची संधी देण्यावर वेतन संहितेचा भर आहे. ३०० पेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्यांना कपात किंवा टाळेबंदीसाठी सरकारची पूर्वपरवानगी लागत नाही. मात्र कपात झालेल्या कामगाराच्या खात्यात पुनर्कौशल्य निधीतून १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम ४५ दिवसांत जमा झाली पाहिजे.

मोठ्या कारखान्यांना माल पुरवणाऱ्या सूक्ष्म व लघुउद्योगांच्या बाजूनेही एक तरतूद आहे. लेखी करार नसल्यास १५ दिवसांत, करार असल्यास कमाल ४५ दिवसांत त्यांचे पैसे चुकते करावे लागतात. विलंबावर दरमहा चक्रवाढ व्याज, रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, द्यावे लागते. २०२३ च्या वित्त कायद्यानंतर या मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च प्राप्तिकरात प्रत्यक्ष रक्कम दिल्यावरच वजा करता येतो.

संपाचा हक्क आता अधिक बांधलेला आहे. पूर्वी सार्वजनिक उपयोगितेच्या सेवांपुरती असलेली नोटिशीची अट सर्वच औद्योगिक आस्थापनांना लागू झाली. नोटीस दिल्यापासून १४ दिवसांच्या आत संप करता येत नाही आणि निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एकाच वेळी किरकोळ रजा घेतल्यास तोही संप मानला जातो. ५१ टक्के सदस्यसंख्या असलेल्या संघटनेलाच वाटाघाटीचा एकमेव अधिकार मिळेल. या तरतुदींना विरोध म्हणून प्रमुख केंद्रीय कामगार संघटनांनी २६ नोव्हेंबर २०२५ रोजी देशव्यापी निदर्शने केली. सरकारच्या मते मात्र या बदलांनी गुंतवणूक आणि औपचारिक रोजगार वाढेल.

बाहेरून आलेल्यांसाठी

आंतरराज्य स्थलांतरित कामगाराची व्याख्या व्यापक झाली आहे. पूर्वी ठेकेदाराने दुसऱ्या राज्यातून आणलेला मजूरच त्यात येत असे. आता स्वतःहून येऊन काम मिळवणाराही येतो. मासिक वेतनाची मर्यादा १८,००० रुपये आहे. पात्र कामगाराला मूळ गावी जाऊन येण्यासाठी वार्षिक प्रवासभत्ता आणि मूळ किंवा कामाच्या राज्यात शिधा घेण्याची मुभा मिळते. दहा किंवा अधिक स्थलांतरित कामगार असलेल्या आस्थापनांना या तरतुदी लागू होतात. विदर्भातून जबलपुरात मजुरीला आलेला कामगार जसा यात बसतो, तसाच येथून नागपूर किंवा पुण्याला गेलेलाही बसतो.

परदेशी नागरिकांबाबतचा इमिग्रेशन व परदेशी नागरिक कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला असून त्याने १९२० ते २००० या काळातील चार कायद्यांची जागा घेतली. वैध पारपत्राविना प्रवेश केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास व पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. परदेशी व्यक्तीला निवास, शिक्षण किंवा उपचार देणाऱ्या संस्थांवर माहिती कळवण्याची जबाबदारी आहे. नेपाळ व भूतानच्या नागरिकांना सर्वसाधारणपणे पारपत्र व व्हिसाच्या अटीतून सूट आहे.

पुढे काय?

केंद्राने संहितांचे मसुदा नियम डिसेंबर २०२५ अखेर प्रसिद्ध करून हरकती मागवल्या. संक्रमणाच्या काळात, संहितांशी विसंगत नसलेले जुने नियम चालू राहतील आणि नवी न्यायाधिकरणे स्थापन होईपर्यंत विद्यमान न्यायालये काम पाहतील, अशी व्यवस्था आहे. कामगार हा समवर्ती सूचीतील विषय असल्याने केंद्राइतकेच राज्याचे नियमही निर्णायक ठरतील. अन्वयार्थाचे वाद उच्च न्यायालयांपर्यंत जातील, हे जवळपास निश्चित आहे. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ १९५६ पासून जबलपुरातच आहे.

तोपर्यंत कामगारांसाठी काही गोष्टी लगेच करण्याजोग्या आहेत : नियुक्तिपत्र लेखी मागून घेणे, दरमहा वेतनचिठ्ठी जपून ठेवणे, भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात भरणा होतो का हे तपासणे, विवाह किंवा अपत्यजन्मानंतर वारसनोंद अद्ययावत करणे आणि ठेकेदार बदलला तरी हजेरीचे पुरावे सांभाळणे. साखर कारखान्याच्या पहारेकऱ्याच्या कुटुंबाने २२ वर्षे लढून जे मिळवले, त्यात तो त्या पहाटे कामावर निघाला होता, हे सिद्ध करता येणे निर्णायक ठरले होते.